शिक्षकांची शिक्षिका

शिक्षकालाही वर्गात भीती वाटते, असे कोणी सांगितले तर मुलांना हसू येईल. भीती वाटायची ती मुलांना. शिक्षकाला कशाची भीती? परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील खेड्यापाड्यांच्या शाळांत शिकविणाऱ्या कितीतरी शिक्षिकांना एका गोष्टीची खरोखरच धास्ती वाटत असे. ती गोष्ट म्हणजे मुलाने मुठीत धरून आणलेला एखादा किडा.

हा किडा कोणता, हा काय खातो, याला पाय किती, असे मुलाने विचारले म्हणजे बाई गोंधळून जात. पुष्कळदा त्या स्वतःच जेमतेम अठरा-वीस वर्षांच्या असत. शाळेला खोली एकच. लहानमोठी सर्व मुले तिच्यातच बसलेली. वाचन, लेखन, गणित, भूगोल सारे एकीनेच शिकवायचे. शास्त्राचे शिक्षण त्यांना कोणी दिलेलेच नसे. तेव्हा किडा बाहेर टाकून ये आणि पुस्तक उघड, एवढे सांगून त्या वेळ मारून नेत. मूल किडा टाकून देई, आणि त्याच्याबरोबर आपला प्रश्नही टाकून देई.

या शिक्षिकांच्या मनातील धास्ती घालविण्यासाठी जिने आपल्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे वेचली, त्या स्त्रीचे नाव ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक.

ॲनाचा जन्म १ सप्टेंबर १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ओटो या खेड्यात झाला. आईबापांचे हे एकुलते एक अपत्य. घर शेतकऱ्याचे, भोवती कुरणे, ओढे आणि मेपलची झाडे. तिची आई फीबी ही क्वेकर पंथाची, शांत वृत्तीची बाई होती. तिने शास्त्राचा कोणताही ग्रंथ अभ्यासलेला नव्हता. पण रानात फुलणाऱ्या फुलांची तिला मोठी आवड. मुलीला घेऊन ती शेताबांधांवरून हिंडे, आणि हे फूल अमुक, ते फूल तमुक अशी त्यांची घरगुती नावे तिला सांगत जाई. रात्री अंगणात उभे राहून ती तिला नक्षत्रे ओळखायला शिकवी. पुढे विद्यापीठात मोठमोठ्या पंडितांच्या हाताखाली शिकूनही ॲनाला आपली पहिली शिक्षिका आईच वाटत असे. शाळेत न गेलेला माणूसही सृष्टीचा उत्तम शिक्षक होऊ शकतो, हे तिने अशा रीतीने फार लवकर पाहिले होते.

गावच्या शाळेनंतर ॲना रँडॉल्फ येथील चेंबरलेन इन्स्टिट्यूट या विद्यालयात शिकली. तेथील अभ्यास संपल्यावर एक वर्ष तिने ओटो येथेच शिक्षिकेचे काम केले. खेड्यातल्या शिक्षिकेचा दिवस कसा जातो, सायंकाळी ती किती थकलेली असते, हे तिला स्वानुभवाने कळले. पुढच्या आयुष्यात या एका वर्षाने तिला फार मदत केली.

१८७४ साली ती इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाली. कायूगा नावाच्या लांबट सरोवराकाठी एका टेकडीवर हे विद्यापीठ वसलेले आहे. टेकडीच्या दोन्ही अंगांनी खोल घळी असून त्यांतून ओढे उड्या मारीत खाली जातात. विद्यापीठ नवे, मुलींना प्रवेश देण्याची प्रथा त्याहूनही नवी. त्यामुळे तेथे मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. तेथे जॉन हेन्री कॉमस्टॉक नावाचे तरुण अध्यापक कीटकांविषयी शिकवीत. त्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. पोरकेपणात वाढलेला हा मुलगा मोठ्या सरोवरांवर चालणाऱ्या जहाजांत स्वयंपाक्याचे काम करून शिक्षणासाठी पैसे साठवीत होता. १८७० साली बफेलो शहरातील एका पुस्तकांच्या दुकानात त्याला कीटकांवरील एक ग्रंथ दिसला. ग्रंथ महाग होता, तरी त्याने तो घेतला आणि तेथून पुढे त्याचे आयुष्य कीटकांनाच वाहिलेले राहिले. ॲना त्यांच्या वर्गात शिकली. दोन वर्षांनी तिने विद्यापीठ सोडले. परंतु १८७८ साली ॲना आणि जॉन हेन्री यांचा विवाह झाला व ती पुन्हा इथाकाला आली.

पतीच्या व्याख्यानांसाठी कीटकांची चित्रे लागत. ती कोण काढणार? ॲनाबाईंनी पेन्सिल हाती घेतली. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली किडा ठेवायचा, पाहायचे, काढायचे, पुन्हा पाहायचे, चुकलेले खोडायचे, असा क्रम चाले. १८७९ मध्ये जॉन हेन्री यांची अमेरिकेच्या कृषिखात्यात मुख्य कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली व दोघे वॉशिंग्टनला गेले. त्या काळी फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांना खवले कीड उपद्रव देत होती. ही कीड तिळाएवढी, झाडाच्या सालीला चिकटून बसणारी. पाहणाऱ्याला ती सालीवरचा फोडच वाटावी. तिच्या निरनिराळ्या जाती ओळखायच्या तर चित्रे अचूकच हवीत. ती चित्रे ॲनाबाईंनी काढली. १८८१ साली दोघे इथाकाला परतले. मग त्यांनी आपला अर्धवट राहिलेला अभ्यास पुन्हा हाती घेतला आणि १८८५ साली, म्हणजे लग्नानंतर सात वर्षांनी, विज्ञानाची पदवी मिळविली.

त्या दिवसांत छायाचित्रे पुस्तकात छापण्याची सोय आजच्यासारखी नव्हती. चित्र छापायचे तर ते लाकडात कोरावे लागे. बॉक्स नावाच्या झाडाचे लाकूड अतिशय घट्ट व बारीक पोताचे असते. त्याचा गुळगुळीत ठोकळा घेऊन त्यावर अणकुचीदार पोलादी हत्याराने रेघा कोरायच्या. शाई लावून ठसा कागदावर दाबला, की कोरलेला भाग पांढरा उमटतो आणि उरलेला काळा. म्हणजे कोरणाऱ्याने अंधाराचा विचार सोडून उजेडाचाच विचार करायचा! पतंगाच्या पंखावरील मऊ लव लाकडात दाखवायची, तर केसाहून बारीक अशा शेकडो रेघा हव्यात, आणि एक रेघ चुकली तर ती पुसता येत नाही. ॲनाबाई ही कला शिकण्यासाठी न्यूयॉर्क शहरातील कूपर युनियन या संस्थेत गेल्या. १८८८ साली निघालेल्या पतीच्या कीटकशास्त्रावरील ग्रंथातील ठसे त्यांनी कोरले. १८९५ साली कीटकांच्या अभ्यासाचा एक मोठा ग्रंथ निघाला. त्यासाठी तर त्यांनी शेकडो ठसे कोरले. त्या ग्रंथावर कर्ता म्हणून पतीबरोबर त्यांचेही नाव आहे. लाकडावर ठसे कोरणाऱ्या अमेरिकन कलावंतांच्या मंडळाने त्यांना आपले सभासद करून घेतले. असा मान तोवर फारच थोड्या स्त्रियांना मिळाला होता.

ॲनाबाई येथेच थांबल्या असत्या, तर एक नामांकित कलावती म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु १८९३ साली अमेरिकेवर मोठे आर्थिक संकट आले. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. शेतमालाचे भाव तर आधीपासूनच घसरत होते. खेड्यांतील तरुण शेती सोडून कामाच्या शोधात न्यूयॉर्क शहराकडे लोटले. शहरात काम नव्हतेच. धर्मादाय संस्थांच्या दारांशी रांगा लागल्या. हे पाहून काही विचारी मंडळींनी राज्यातील शेतीच्या उन्नतीसाठी एक समिती नेमली. ॲनाबाईंनाही तिच्यात घेण्यात आले. तरुणांना शेतीची ओढ का वाटत नाही, याचा विचार करता करता समितीची नजर शाळेकडे वळली. खेड्यातील मूल रोज पिके पाहते, गुरे पाहते, पाऊस पाहते. आणि शाळेत मात्र यांतील कशाचेच नाव निघत नाही. शाळेत जे नाही, ते क्षुद्र असले पाहिजे, असे त्याला वाटू लागले तर त्यात नवल काय? तेव्हा शाळांतून सृष्टिनिरीक्षण हा विषय शिकवावा असे ठरले, आणि १८९५ च्या सुमारास वेस्टचेस्टर परगण्यातील शाळांत त्याचा पहिला प्रयोग झाला.

विषय ठरविणे सोपे असते. तो शिकवायचा कोणी? येथेच सारे गाडे अडले. शिक्षकांना विषय येत नव्हता, आणि येत नाही हे कबूल करण्याची त्यांना लाज वाटत होती. ज्याला थोडेसेच येते तो शिक्षक पुस्तकातील व्याख्या पाठ करवून घेतो. ज्याला काहीच येत नाही तो विषयच टाळतो. आणि ज्याचा स्वाभिमान फार नाजूक असतो, तो काहीतरी ठोकून देतो. या तिसऱ्या प्रकाराचा परिणाम सर्वांत वाईट. कारण मुलाचे डोळे तीक्ष्ण असतात, आणि कोळ्याला सहा पाय असतात असे बाईंनी सांगितले तरी मूल ते मोजून पाहू शकते.

राज्य सरकारने या कार्यासाठी पैसा मंजूर केला व ते कॉर्नेलच्या कृषिविभागाकडे सोपविले. लिबर्टी हाइड बेली हे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ या कार्याचे प्रमुख झाले. शिक्षकांसाठी लहान लहान पत्रके काढून ती शाळाशाळांत पाठवायची, अशी योजना होती. १८९६ साली निघालेले पहिले पत्रक बेलींनीच लिहिले होते. त्याचा विषय काय असावा? भोपळ्याचे रोप बीमधून बाहेर कसे येते, एवढाच! भोपळ्याचे बी कोणाच्याही स्वयंपाकघरात मिळते. ते ओल्या मातीत पेरले की काही दिवसांनी त्याच्या टोकातून मूळ निघते, आणि मुळाच्या माथ्याशी एक बारीकशी खुंटी फुटते. ही खुंटी खालच्या टरफलाला अडकवून धरते; मग देठ कमानीसारखा वाकून वर ताण देतो आणि बीची दोन दले टरफलातून ओढून बाहेर काढतो. मोज्यातून पाय काढताना आपण मोज्याचे टोक दुसऱ्या पायाने दाबून धरतो, तसाच हा प्रकार. हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको, पदवीही नको. चार बिया, एक मातीचे भांडे आणि थोडा धीर, एवढे पुरे. एकदा हे डोळ्यांनी पाहिले, की कोणतीही शिक्षिका ते मुलांपुढे न अडखळता सांगू शकत असे.

याच कार्यात जॉन स्पेन्सर नावाचे एक माजी शेतकरी होते. मुले त्यांना जॉनकाका म्हणत. त्यांनी शाळाशाळांतून मुलांची निरीक्षक मंडळे काढली. या मंडळांची वर्गणी पैशाची नव्हती. आपण काय पाहिले ते जॉनकाकांना पत्राने कळवायचे, हीच वर्गणी. मुले लिहीत आणि जॉनकाकांचे टेबल पत्रांनी भरून जाई.

ॲनाबाईंच्या वाट्याला शिक्षक आले. त्या गावोगावी भरणाऱ्या शिक्षकांच्या संमेलनांना जाऊ लागल्या. आगगाडीने, घोडागाडीने, थंडीवाऱ्यातून प्रवास करायचा आणि दिवसभराच्या कामाने शिणलेल्या माणसांपुढे उभे राहून बोलायचे, हे सोपे नव्हते. त्यांनी त्यांच्यापुढे शास्त्रज्ञाचा तोरा कधी मिरविला नाही. शिक्षकाने सर्वज्ञ असले पाहिजे, ही समजूतच भीतीचे मूळ आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्या प्रथम त्या मुळावरच घाव घालीत. जगातील मोठ्यात मोठ्या शास्त्रज्ञालाही सृष्टीविषयीच्या प्रश्नांपैकी फार थोड्यांची उत्तरे ठाऊक असतात. मग खेड्यातील शिक्षिकेने मला हे अजून ठाऊक नाही, असे म्हणायला का लाजावे? मात्र तेवढे म्हणून थांबणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. मला ठाऊक नाही, तुला ठाऊक नाही, तर चल, आपण दोघे मिळून पाहू या, असे शिक्षकाने म्हटले पाहिजे. तसे तो म्हणाला की मूल त्याचा सोबती होते. शिक्षकाला कमी लेखण्याचे त्याच्या मनातही येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांच्या आणखीही काही सूचना होत्या, आणि त्या आजच्या शिक्षकांनाही विचारात पाडतील. सृष्टिनिरीक्षणाचा पाठ लांबवू नये. दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत पुरे. मुले कंटाळली, वर्गात चुळबूळ सुरू झाली, की तीच या पाठाची वेळ. या विषयाची घोकंपट्टी करवू नये. प्राण्याचे वा फुलाचे नाव नव्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसे सहज बोलता बोलता सांगावे. नाव पाठ झाले म्हणजे वस्तू कळली असे समजू नये. मुलाने निरीक्षणाची वही ठेवली, तर ती त्याची स्वतःची मालमत्ता समजावी, आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून तिच्यावर तांबड्या रेघा ओढू नयेत. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांना ही शेवटची सूचना पचविणे जड गेले असेल. पण जे मूल चुकीच्या भीतीने लिहीतच नाही, त्याच्या वहीत शुद्ध करायला तरी काय उरते?

टीका करणारेही होते. हा विषय म्हणजे शाळेतील चैन आहे, वाचन-गणित सोडून फुले कसली पाहता, असे कित्येक पालक म्हणत. उलट काही शास्त्रज्ञांना हे शास्त्र फारच पातळ वाटे. त्यात भावनाच अधिक, असा त्यांचा आक्षेप होता. या आक्षेपात काही तथ्य नव्हते असे नाही. सृष्टिनिरीक्षणाच्या नावाखाली गोड गोड गोष्टी सांगणारेही त्या काळी पुष्कळ निघाले होते. ॲनाबाईंच्या लेखनात मात्र आधी निरीक्षण असे. शेकडो कीटक रेघेरेघेने लाकडात कोरलेल्या हाताला खोटे लिहिणे जमणारे नव्हते.

१८९९ साली विद्यापीठाने त्यांना सृष्टिनिरीक्षणाच्या साहाय्यक प्राध्यापक नेमले. कॉर्नेलमध्ये प्राध्यापकपद मिळविणारी ही पहिलीच स्त्री. त्याच उन्हाळ्यात त्यांनी विद्यापीठात शिक्षकांचे वर्ग चालविले. परंतु विश्वस्तांपैकी काही जुन्या मताच्या गृहस्थांना स्त्रीने प्राध्यापक म्हणवून घेणे रुचले नाही. त्यांनी विरोध केला, आणि दुसऱ्याच वर्षी ॲनाबाईंचे पद काढून त्यांना व्याख्यात्या म्हणण्यात आले. काम तेच, वर्ग तेच. नाव मात्र खाली उतरविले. ते पूर्वीचे पद परत मिळण्यास १९१३ साल उजाडावे लागले. मधल्या या तेरा वर्षांतच त्यांच्या हातून आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य झाले.

ते कार्य टपालाने चालले. विद्यापीठात येऊन शिकणे फार थोड्या शिक्षकांना शक्य होते. बाकीच्यांसाठी घरबसल्या शिकण्याचे पाठ निघत. १९०३ पासून १९११ पर्यंत हे पाठ ॲनाबाईंनी लिहिले. ऋतूप्रमाणे पाठ असत. शिक्षिकेने ते वाचायचे, सांगितलेली वस्तू शोधायची, प्रश्नांची उत्तरे स्वतः पाहून काढायची आणि मग तोच पाठ मुलांना द्यायचा.

यांतील एक नमुना पाहण्यासारखा आहे. पक्ष्यांचा अभ्यास सुरू करायचा, तर ॲनाबाई गरुडाकडे वा हंसाकडे गेल्या नाहीत. त्यांनी निवडली घरची कोंबडी. ती प्रत्येक खेड्यात असते, उडून जात नाही आणि वर्गातही आणता येते. पाठाच्या आरंभी शिक्षिकेसाठी माहिती. मग पाठातील मुख्य विचार. मग पाठ कसा घ्यावा ते. आणि शेवटी प्रश्नांची मालिका. कोंबडीच्या पाठीवरील पिसे एकमेकांवर कशी रचलेली आहेत? छपरावरील कौलांशी ती रचना ताडून पाहा. पावसात कोंबडी कशी उभी राहते, आणि पाणी कोणत्या बाजूने ओघळते? पाठीवरील पिसे व छातीवरील पिसे यांत भेद काय? पिसांच्या तळाशी मऊ लव असते, ती कशासाठी? कोंबडी आपल्याकडे समोरून पाहते, की मान वळवून एका डोळ्याने पाहते? प्रश्न असे की उत्तर पुस्तकात शोधण्याची गरजच नाही. कोंबडीच ते देते. शिक्षिकेला उत्तर येत नसले तरी बिघडत नाही, कारण उत्तर तिच्यासमोर दाणे टिपीत असते!

गांडूळ, रातकिडा, खडबडीत पाठीचा भेक, गाय, रस्त्याच्या कडेचे पिवळे डँडेलियन, ओढा, दंव, नक्षत्रे, असे एकेक विषय त्यांनी घेतले. भेकाला हात लावला की चामखीळ येते, अशी तिकडे जुनी समजूत होती. ती खोटी असल्याचे सांगून त्या मुलांना त्याची जीभ पाहायला लावीत. ही जीभ आपल्यासारखी मागे न जोडलेली राहता पुढच्या बाजूस जोडलेली असते, आणि माशी टिपताना ती झटकन बाहेर उलटते. एवढे पाहिल्यावर भेकाला दगड मारण्याची इच्छा मुलात कितपत राहत असेल?

पाठ जुने होत, प्रती संपत, आणि शिक्षकांची मागणी मात्र थांबेना. तेव्हा हे सर्व पाठ एकत्र करून ग्रंथ काढावा असे ॲनाबाईंच्या मनात आले. बेलींना तो ग्रंथ खपेल असे वाटले नाही. जॉन हेन्री यांनाही वाटले नाही. कॉमस्टॉक दांपत्याची एक लहानशी प्रकाशनसंस्था होती, तिच्यावर या जाडजूड ग्रंथाचा बोजा पडेल, अशी त्यांना चिंता होती. एवढा मोठा ग्रंथ विकत घेण्याइतका खेड्यातील शिक्षिकेचा पगार तरी कोठे होता? परंतु ॲनाबाईंना आपल्या शिक्षिका ठाऊक होत्या. १९११ साली नऊशेहून अधिक पृष्ठांचा हँडबुक ऑफ नेचर स्टडी हा ग्रंथ त्याच संस्थेतर्फे बाहेर पडला.

आणि तो खपला! आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेली. १९३९ साली त्याची चोविसावी आवृत्ती निघाली. आठ भाषांत त्याची भाषांतरे झाली. ज्या संस्थेला तो बुडवील असे वाटत होते, तिचा तोच मोठा आधार ठरला. घरातील विद्वानांचा अंदाज चुकला आणि घरधनिणीचा बरोबर आला, याची गंमत त्या घरात पुढे पुष्कळ दिवस चालली असेल.

१९१७ ते १९२३ पर्यंत ॲनाबाईंनी सृष्टिनिरीक्षणाला वाहिलेल्या एका नियतकालिकाचे संपादन केले. १९२० साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. दोनच वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. १९२३ साली अमेरिकेतील स्त्री-मतदारांच्या संघाने हयात असलेल्या बारा थोर अमेरिकन स्त्रियांची निवड केली, तीत ॲना कॉमस्टॉक यांचे नाव होते. निवृत्तीनंतरही उन्हाळी वर्गांतून त्यांचे शिकविणे चालूच राहिले.

१९२६ साली जॉन हेन्री यांना पक्षाघाताचा झटका आला. ज्याने जन्मभर विद्यार्थ्यांना कीटकांविषयी सांगितले, त्याचे बोलणे-चालणे थांबले. ॲनाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. स्वतःची प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी ती सोडली नाही. २४ ऑगस्ट १९३० रोजी इथाका येथे ॲनाबाईंचे निधन झाले. पुढच्या वर्षी, मार्च १९३१ मध्ये, जॉन हेन्रीही गेले.

आपल्या दोघांच्या आयुष्याची हकीकत ॲनाबाईंनी लिहून ठेवली होती. ती १९५३ साली छापली गेली. पण संपादकांनी तिच्यातील पुष्कळसा भाग गाळून टाकला होता. ॲनाबाईंनी लिहिलेल्या मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली अधिक पूर्ण आवृत्ती २०२० साली कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढली.

हँडबुकाला तर शंभरांहून अधिक वर्षे झाली, तरी ते अजून छापले जाते. त्यातील पहिला पाठ कोंबडीच्या पिसांचाच आहे.